सिस्टीम घेत नाही

मागच्या वर्षी आत्याला घेऊन हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. निवृत्तिवेतन चालू राहायचं तर वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवून यावं लागतं, एवढंच ते काम. आत्याने ऐंशी ओलांडली आहे. काउंटरमागचा माणूस तिला वर्षानुवर्षं ओळखणारा. "गुडघा काय म्हणतोय आजी?" असं त्याने विचारलंही. मग काडेपेटीहून थोडं मोठं असं ते यंत्र पुढे सरकवलं. अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. डावा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करता करता दहाही बोटं झाली. त्याने रुमालाने काच पुसली, आत्याने तळहात एकमेकांवर चोळले, मी उगाचच फुंकर मारून पाहिली. उभा जन्म शिवणयंत्रावर गेलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, त्यात म्हातारपणी कातडी कोरडी आणि पातळ होते. यंत्राला वाचायला त्या बोटांवर फारसं काही उरलेलंच नव्हतं.

शेवटी त्याने खुर्ची मागे ढकलली. "आजी, सिस्टीम घेत नाहीये. चार दिवसांनी येऊन बघा."

"अहो, पण त्या तुमच्यासमोर बसल्यात," मी म्हणालो. "आत्ताच बोललात ना तुम्ही त्यांच्याशी?"

माणूस उर्मट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तो ओशाळला. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "साहेब, मला दिसतंय हो. पण मी दाबू काय? त्याचं बटणच दिलेलं नाही."

ते न दिलेलं बटण तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

तंत्रज्ञानाविरुद्धचे लेख बहुधा फोनमध्ये माना खुपसलेल्या पोरांपासून सुरू होतात आणि 'आमच्या वेळी असं नव्हतं' वर येऊन थांबतात. मला त्या वाटेने जायचं नाही. आत्याला आज पेपर वाचता येतो तो दोन्ही डोळ्यांत बसवलेल्या कृत्रिम भिंगांमुळे. माझी निम्मी कामं घरबसल्या होतात आणि रांगेत ताटकळण्याची मला काडीचीही हौस नाही. माझी तक्रार त्या मानाने किरकोळ वाटेल. नवं यंत्र आणताना आपण जुनी वाट बुजवून टाकतो, आणि 'यंत्र चुकतंय' असं म्हणायचा अधिकार ज्याला होता त्या माणसालाही त्याच खड्ड्यात गाडतो. यंत्र चालू असेपर्यंत यातलं काही जाणवत नाही.

'सिस्टीम घेत नाही' हे वाक्य व्याकरणाच्या अंगानेही बघण्यासारखं आहे. कर्ता सिस्टीम. नाकारणारा माणूस वाक्यात कुठे सापडतच नाही. पूर्वीचा कारकून 'वरून आदेश नाही' म्हणायचा, 'साहेब रजेवर आहेत' म्हणायचा. त्या वाक्यांत निदान एक 'वर' होतं, एक साहेब होता. तो कधी ना कधी रजेवरून परतायचा आणि त्याच्यासमोर जाऊन टेबलावर हात आपटता यायचा. जुना कारकून काही संत नव्हता हेही सांगून टाकतो. तोंड बघून काम करणं, फाइल दाबून ठेवणं, टेबलाखालून हात पुढे करणं, सगळं त्याच खुर्चीत बसून चालायचं. संगणकाने त्यातलं बरंचसं मोडून काढलं याचा मला आनंदच आहे. पण लाच घेणारा हात छाटताना आपण सही करणारा हातही छाटला. बोट जुळलं नाही तर पुढे जायचं नाही, हे कुठल्या तरी बैठकीत कुणीतरी ठरवलंय. निर्णय माणसाचाच. फक्त तो घेणारा काउंटरपासून इतका लांब गेला की त्याचा निर्णय आता हवामानासारखा वाटायला लागलाय. पाऊस पडत नाही, सिस्टीम घेत नाही.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते ब्रिटनच्या टपाल कार्यालयांत दिसलं. १९९९ पासून तिथे 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणक प्रणाली बसवायला सुरुवात झाली. गावोगावची छोटी टपाल कार्यालयं चालवणारे सबपोस्टमास्तर दिवसअखेरचा मेळ त्यावर घालत. मेळ बसेना. कुणाच्या हिशेबात काही शे पौंडांची तूट, कुणाच्या हजारोंची. तूट आली तर ती स्वतःच्या खिशातून भरायची, असं करारात होतं. लोकांनी शिल्लक मोडली, घरं गहाण टाकली, नातेवाइकांपुढे हात पसरले. मदतीच्या क्रमांकावर फोन केला की अनेकांना सांगितलं जाई, अशी अडचण येणारे तुम्ही एकटेच आहात. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. पुरावा काय, तर पडद्यावरचे आकडे. काही जण तुरुंगात गेले, त्यांत एक गरोदर बाई होती. काहींनी जीव दिला. २०१९ च्या डिसेंबरात लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष नोंदवले. ती बिनचूक असल्याचा खात्याचा दावा म्हणजे पृथ्वी सपाट असल्याचं आजच्या काळात म्हणण्यासारखं आहे, इतक्या स्पष्ट शब्दांत न्यायाधीशांनी तो झिडकारला. पुढे २०२४ मध्ये शिक्षा एकगठ्ठा रद्द करायला संसदेला खास कायदा करावा लागला. तोवर कित्येक जण वारले होते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खुपतो तो एक छोटा कायदेशीर बदल. इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्यात असं कलम होतं की संगणकातून निघालेला कागद पुरावा म्हणून मांडायचा तर तो संगणक नीट चालत होता हे मांडणाऱ्याने दाखवायचं. वकिलांना ते किचकट वाटे. संगणक सगळीकडेच आलेत, दर वेळी कोण सिद्ध करत बसणार? म्हणून १९९९ च्या कायद्याने ते कलम काढून टाकलं. त्यानंतर उलट काही पुढे येत नाही तोवर यंत्र नीट चालत होतं असंच धरायचं ठरलं. होरायझन आली त्याच सालातली ही गोष्ट. म्हणजे ज्या प्रणालीचं पोट उघडून बघायची सोय नाही, तिच्यातली चूक गावातल्या टपाल कार्यालयातल्या बाईने शोधायची आणि न्यायाधीशांपुढे ठेवायची.

कायद्याच्या पुस्तकात असो नसो, ते गृहीतक आपल्या डोक्यात मात्र पक्कं बसलं आहे. पडद्यावरचा आकडा एक सांगतो, माणूस दुसरं सांगतो, आणि संशयाची सुई आपोआप माणसाकडे वळते. 'तुम्हीच काहीतरी चुकीचं टाकलं असणार.' मी दुसऱ्यांना नावं ठेवत नाही. रस्त्यावरची पाटी समोर स्वच्छ दिसत असते, रस्ता डावीकडे जातो हे मला ठाऊक असतं, तरी फोनमधली बाई 'उजवीकडे वळा' म्हणाली की माझाही हात उजवीकडे जातो.

हात म्हटल्यावर दुसरा मुद्दा निघतो. हात बसायला वर्षं लागतात. सुटतो मात्र तो कधी, ते कळतसुद्धा नाही.

१ जून २००९ च्या पहाटे रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिक महासागरात कोसळलं. त्यात २२८ माणसं गेली. मूळ बिघाड लहान होता. वेग मोजणाऱ्या बाहेरच्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले आणि ऑटोपायलट सुटला. त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. मला वेग कळत नाही, आता तुम्ही सांभाळा. नळ्या मिनिटभराच्या आसपास मोकळ्याही झाल्या. पण तेवढ्यात, अंधारात, ढगांच्या गचक्यांत वैमानिकाने विमानाचं नाक वर उचललं होतं आणि पुढेही बहुतेक वेळ तो ते वरच खेचत राहिला. पंखांना उचल मिळेनाशी झाली. कॉकपिटमध्ये धोक्याचा आवाज पुन्हापुन्हा घुमत होता. अशा वेळी नाक खाली करायचं हा विमान शिकणाऱ्याचा जवळजवळ पहिला धडा. तो कॉकपिटमधल्या तिघा वैमानिकांपैकी एकाच्याही हातून वेळेत घडला नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान पाण्यावर आदळलं. वेग दाखवणारे आकडे फसवे झाले असताना एवढ्या उंचीवर विमान हाताने सांभाळायचं प्रशिक्षण दोन्ही सहवैमानिकांना मिळालेलं नव्हतं, असं चौकशीत निघालं.

लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे कोडं १९८३ मध्येच एका छोट्या निबंधात मांडून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगतो. स्वयंचलन करणारा सोपी कामं यंत्राकडे देतो, कारण तीच देता येतात. माणसाकडे उरतात ती यंत्राला न जमणारी, म्हणजे सर्वांत अवघड. आणि रोजची सोपी कामं काढून घेतल्यामुळे त्या अवघड प्रसंगासाठी लागणारा हात माणसाकडे राहत नाही. वर त्याला सांगायचं की तू फक्त लक्ष ठेव. तासन्‌तास काहीही न घडणाऱ्या गोष्टीवर लक्ष ठेवणं हे माणसाला सर्वांत कमी जमणारं काम.

विमानप्रवास आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे आणि त्यात स्वयंचलनाचा वाटा मोठा आहे, यात मला शंका नाही. हे उदाहरण मी घेतलं ते त्यासाठीच. जिथे एकेका अपघाताची वर्षानुवर्षं चिरफाड होते, जिथे सरावाला यंत्रं उभारलेली असतात, तिथेही हात सुटतो. पण त्या धंद्याने निदान ते ओळखलं. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने विमान कंपन्यांना लिहून कळवलं की योग्य असेल तिथे वैमानिकांना हाताने विमान उडवू द्या. आता असंच पत्र बँकेतल्या, दवाखान्यातल्या, नोंदणी कार्यालयातल्या माणसांसाठी कुणी लिहिलंय का ते शोधा. महिन्यातून एक सकाळ संगणक बंद ठेवून काम करा, असं सांगणाऱ्या अधिकाऱ्याला लोक खुळ्यात काढतील.

आपल्या घरचं तर बोलायलाच नको. फोन बंद पडला म्हणून एकदा अनोळखी माणसाचा फोन मागून घेतला आणि बायकोचा नंबर आठवेना. आठवला तो लहानपणच्या घरातला, तारेच्या फोनचा. ते घरही आता नाही.

असो. हात सुटण्यापेक्षाही विचित्र प्रकार म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्याच पोटात ठेवण्याचा. हा आजकाल वारंवार घडतो.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद होती. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीची केंद्रं एकमेकांपासून तुटली आणि बाहेरच्या इंटरनेटला त्यांचा पत्ताच दिसेनासा झाला. दुरुस्ती लांबून करायची तर त्याच जाळ्यातून जायला हवं. आतली हत्यारंही त्याच जाळ्यावर. शेवटी माणसं प्रत्यक्ष त्या इमारतींत पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षाव्यवस्था इतकी चोख की आपल्याच माणसांना आपल्याच यंत्रांपर्यंत पोहोचायला वेळ लागला. पुढच्या वर्षी, ८ जुलै २०२२ ला, कॅनडात रॉजर्स या कंपनीचं जाळं कोसळलं. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट गेलं, देशभर कार्डाने पैसे देणं अडलं, आणि दुरुस्ती करणाऱ्यांची आपापसात बोलायचीही पंचाईत झाली, कारण त्यांचे फोन त्याच कंपनीचे.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर अनेकांच्या लक्षात असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरसाठी एक लहानशी फाइल जगभर पाठवली. फाइलमध्ये दोष होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर जाऊन बसले. विमानतळांवर कर्मचारी प्रवाशांची नावं आणि बैठकीचे क्रमांक पेनाने लिहून देत होते, रुग्णालयांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. शत्रूचा हल्ला नव्हता, संप नव्हता. राखणदारच उंबऱ्यात आडवा पडला होता. दोषी फाइल कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली, पण जे संगणक आधीच पडले होते त्यांच्यापर्यंत ती दुरुस्ती पोहोचणार कशी? ते चालूच होत नव्हते. मग बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रासमोर एकेक माणूस जाऊन बसला, यंत्र सुरक्षित पद्धतीने उघडलं, ती फाइल हाताने पुसली, पुढच्या यंत्राकडे गेला. ज्या यंत्रांची डिस्क कुलूपबंद होती तिथे ४८ आकडी किल्ली लागत होती, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ठेवलेला संगणकही निळाच होऊन पडलेला. या गोष्टीतला पेनाने लिहिणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो. त्याला बोर्डिंग पास हाताने लिहून द्यायची मुभा होती आणि पुढच्या दारावरच्या माणसाला तो स्वीकारायची. आत्याच्या काउंटरवर ते नव्हतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला त्याचीही आठवण होते. कोट्यवधी ग्रंथ आणि कागदपत्रं जिथल्या तिथे शाबूत होती. एकाही पानाला धक्का नव्हता. पण सूची गेली. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, हे सांगणारं काही उरलं नाही, आणि सूचीचा काही भाग लोकांना परत दिसायला जानेवारी २०२४ उजाडला. इतके दिवस पुस्तकं असूनही नसल्यासारखी. जुन्या काळची कार्डांची कपाटं आठवतात? फार जागा अडवतात म्हणून जगभरच्या ग्रंथालयांनी ती काढून टाकली. त्या कपाटांना पासवर्ड नव्हता.

आता यात नवी भर पडली आहे ती मागाल ते उत्तर देणाऱ्या कृत्रिम बुद्धीची. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका वकिलाने तिच्याकडून खटल्यांचे दाखले शोधून घेतले आणि न्यायालयात सादर केले. त्यातले सहा दाखले मुळात अस्तित्वातच नव्हते. मला यातली चूक तितकी मोठी वाटत नाही, कंटाळा कुणालाही येतो. पण शंका आल्यावर त्याने काय केलं? त्याच यंत्राला विचारलं, हे खटले खरे आहेत ना? यंत्र म्हणालं, आहेत. न्यायाधीशांनी वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. किल्ली पुन्हा कुलपातच.

यावर माझा एक मित्र म्हणतो, बंद पडायचं काय, कागदही बंद पडतो. दप्तर जळतं, वाळवी लागते, पुरात वाहून जातं. खरं आहे. पण एका कार्यालयाला आग लागली तर एका कार्यालयाचं दप्तर जळतं. शेजारच्या गावातली वाळवी आपल्या गावातली वही खात नाही. कागदाची संकटं पसरायला वेळ घेतात, आणि तेवढ्या वेळात सावरता येतं. एका रात्रीत ८५ लाख वह्या कोऱ्या होण्याची सोय फक्त नव्या व्यवस्थेत आहे. सगळ्यांनी एकच कंपनी, एकच क्लाउड, एकच अ‍ॅप धरलं की स्वस्त पडतं, सोपं पडतं, आणि कोसळतानाही सगळं एकत्रच कोसळतं.

मित्राचा दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. दोन-दोन व्यवस्था ठेवायच्या म्हणजे दुप्पट खर्च, मग यंत्र आणलं कशाला?

याला माझं उत्तर जिना. इमारतीला लिफ्ट बसवली म्हणून कुणी जिना पाडत नाही. दहा मजले जिन्याने चढणारं क्वचितच कुणी असतं, रोजची सगळी ये-जा लिफ्टने होते, म्हाताऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्यांना तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही. तरीही जिन्याची जागा वाया गेली असं कुणी म्हणत नाही. जिना नसलेल्या उंच इमारतीचा नकाशा मंजूरच होणार नाही, आणि आग लागली तर लिफ्ट वापरू नका असं लिफ्टच्या दारावरच लिहिलेलं असतं. किती शहाणपणाची पाटी आहे ती! यंत्र स्वतःच सांगतंय की अमुक वेळी माझ्यावर विसंबू नका. पैशांच्या, ओळखीच्या, नोंदींच्या व्यवहारात मात्र आपण लिफ्ट बसवली आणि जिना फोडून त्या जागेत आणखी एक लिफ्ट घातली.

जिन्याचा दृष्टान्त आणखी एका बाजूने खरा आहे. कित्येक इमारतींत जिना असतो, पण त्यावर जुनी कपाटं, मोडक्या सायकली, रंगाचे डबे रचलेले असतात. 'आमच्याकडे पर्यायी व्यवस्था आहे' असं सांगणाऱ्या बहुतेक संस्थांची व्यवस्था अशी असते. कागदी अर्ज असतो, पण तो कुठल्या कपाटात आहे ते निवृत्त झालेल्या बाईंनाच माहीत. वही असते, पण त्या वहीतली नोंद परत संगणकात कुणी आणि कधी चढवायची ते ठरलेलं नसतं. अधूनमधून कुणी चढत-उतरत असेल तरच जिना मोकळा राहतो.

तो पाडला का जातो, याचं कारण मला वाटतं हिशेबाच्या वहीत आहे. काउंटरवरची दोन माणसं कमी केली, छापील अर्ज बंद केले, तर वाचलेला पैसा याच वर्षाच्या ताळेबंदात दिसतो आणि करणाऱ्याची पाठ थोपटली जाते. आत्याने घातलेल्या फेऱ्या, माझी बुडालेली अर्धी रजा, रिक्षात चढताना तिच्या गुडघ्यात निघालेली कळ, यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. खर्च कमी झालेला नसतो. तो काउंटरच्या पलीकडून अलीकडे सरकवलेला असतो, आणि अलीकडे उभ्या असलेल्यांत सर्वांत जास्त भार पडतो तो ज्याचं बोट झिजलंय, ज्याला बारीक अक्षर दिसत नाही, ज्याचा फोन जुना आहे त्याच्यावर. तरुण, धडधाकट, चांगला फोन बाळगणाऱ्या माणसाला हे खरंच दिसत नाही. व्यवस्था आखणारा बहुधा तोच असतो.

जिने परत बांधता येतात याचे दाखले आहेत. अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढण्याचं शिक्षण १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद केलं होतं. उपग्रह असताना कोण आकाशाकडे बघत बसणार? २०१५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, कारण उपग्रहाचा संदेश बुजवता येतो, खोटाही पाठवता येतो, हे तोवर लक्षात आलं होतं. रोकड जवळजवळ वापरातून गेलेल्या स्वीडनने २०२४ मध्ये घरोघर पाठवलेल्या आणीबाणीच्या पुस्तिकेत नागरिकांना सांगितलं की घरात थोडी रोख रक्कम असू द्या. दोन्ही ठिकाणी कुणी यंत्रं फेकून दिली नाहीत.

माझी मागणी त्याहूनही लहान आहे. कुठलीही यंत्रणा सक्तीची करण्याआधी ती आणणाऱ्याने, यंत्राने नाही म्हटल्यावर हो म्हणण्याचा अधिकार काउंटरवर कुणाला आहे, ते त्याच्या हुद्द्यासकट भिंतीवर लिहून लावावं. तो अधिकार वापरला म्हणून त्याच्यावर बालंट येणार नाही, हेही लिहावं. नाहीतर बटण असूनही कुणी दाबणार नाही. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षणाच्या नियमांत याची थोडी सोय आहे. माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेतला असेल तर काही अपवाद वगळता नागरिक तो नाकारू शकतो. पण कायद्याने खुर्चीत माणूस बसवला आणि तो पडद्यावर दिसेल त्यावर डोळे मिटून मान डोलावत राहिला, तर तो माणूस असून नसल्यासारखाच. म्हणून मला नियमापेक्षा सराव महत्त्वाचा वाटतो. वर्षातून दोन-चार दिवस ठरवून यंत्र बंद ठेवा आणि काय काय अडतं ते बघा. जे अडेल तिथे जिना नाही.

खोटे दाखले निघतील, मेलेल्यांच्या नावावर पैसे उचलले जातील, ही भीती मला मान्य आहे. असले प्रकार पूर्वी घडलेत. पण सही करणाऱ्याचं नाव कागदावर असतं, उद्या त्याला पकडता येतं. जिवंत माणसाला मेलेलं ठरवणाऱ्या लाल दिव्याला कुणी पकडायचं?

चार दिवसांनी आम्ही परत गेलो. आत्याने कुणीतरी सांगितलं म्हणून रात्री बोटांना मलम चोळलं होतं. या खेपेला डाव्या हाताच्या अनामिकेवर हिरवा दिवा लागला आणि आमच्यापेक्षा काउंटरवरच्या माणसालाच हायसं वाटलं. पावती छापून येईपर्यंत त्याने खालचा खण उघडला आणि एक पिवळा पडलेला पॅड दाखवला. 'सदर व्यक्ती आज रोजी माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर झाली', खाली सहीची रेघ, शिक्क्यासाठी गोल. "हे असायचं आधी," तो म्हणाला. "इथे माझी सही लागायची. आता चालत नाही, पण रद्दीत घालायला जीव होत नाही."

आत्याने पॅड हातात घेऊन उलटून पाहिला. "पाठकोरी आहेत की रे," ती म्हणाली. "दे की चार पानं, हिशेबाला होतील."